पालथी घातलेली पायली

मी एक जुनी पितळी पायली आहे. हिंगणघाटच्या कासाराने मला घडवलं आणि नाचणगावला आनंदाबाईंच्या घरी मी धान्य मोजायला आले. पाटील असो की मजूर, माझं माप तेच. लोक म्हणत, "आनंदाबाईची पायली ना? मंग पाहाले नको." मी फुगून जायची. का फुगू नये?

पुढे वजनकाटे आले आणि मी माळ्यावर पडले. मित्रांनो, तिथेच राहिले असते तर बरं होतं!

आनंदाबाईंच्या लेकाने, अंकुशने, मला ओसरीवर आणून पालथी घातली आणि मला टेकून मोबाईल उभा केला. आईच्या ठेच्याचे व्हिडिओ तो टाकायचा. त्यांना कुत्रं विचारेना. एकदा आनंदाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ प्रमिलाबाई पापडाच्या पिठावरून भांडल्या. ते मात्र पुण्यापर्यंत पाहिलं गेलं.

"भांडन टाकलं का मोबाईलच गावोगाव दाखवते," अंकुश बायकोला म्हणाला. "गोड बोललं का तिथंच दाबते."

हे कसलं मेलं माप! शिवीला शीग आणि चांगल्या बोलाला रिकामा तळ. शी!

मग तो नासका काड्या लावू लागला. "आई, काकू सांगत फिरते, तिचा नवरा आजारी होता तं तू घासभर अन्न नाई देलं."

आनंदाबाई भडकल्या. ओसरीवरच जावेला म्हणाल्या, "नवऱ्याले तूच खाल्लं, अन् नाव माह्यं घेतं?"

तेही टाकलं. ओळखपाळख नसलेले लोक खिदळले. बाजारात पोरं प्रमिलाबाईंना "नवराखाऊ" म्हणू लागली. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

शेवटी सुनेला, ज्योत्स्नाला, राहवलं नाही. "आई, काकू तसं बोलल्याच नव्हत्या. हे मुद्दाम लावून राह्यले होते."

"थू तुह्या जिनगानीवर!" आनंदाबाई लेकाला म्हणाल्या. मला खसकन ओढलं, तसा मला टेकलेला मोबाईल खाली आपटला. माझ्यात तूरडाळ भरून त्या जावेच्या दारी गेल्या.

"प्रमिले, मी आली वो. उघड."

दार फटीएवढं उघडलं. प्रमिलाबाईंनी जावेच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. डाळीत मनगटापर्यंत हात घालून त्या चाचपू लागल्या.

"मोबाईल कुठं लपवला, बाई?"

मित्रांनो, घरात बाया भांडल्या तर मध्ये पडा, नाहीतर गप बसा. पण त्यांच्यावर मोबाईल रोखू नका. आनंदाबाई माफी मागायला आल्या होत्या. आता ती मागितली तरी व्हिडिओसाठीच मागितली, असं वाटणार. तो हात डाळ ढवळतच राहिला.