चपराकनाथांची आठी

चपराकनाथ महाराजांचे पुढचे दोन दात तानुबाईनं पाडले. खरं तर पडलेच नाहीत. त्या वेळी मठात हजारभर माणूस होतं, आणि पोलिसांपुढं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, की आपण नेमके तेव्हा आपापल्या चपला शोधत होतो. तेव्हा दात जागच्या जागी आहेत असं धरून पुढं जाऊ.

मठ घोड नदीच्या काठाला. दर गुरुवारी तिथं ट्रॉलीत ऊस लादावा तशी माणसं येत. महाराज वाकडी तोंडं सरळ करत. इलाज एकच: तेलात मुरवलेलं डाव्या पायाचं खेटर. एका गालावर फाडकन, दुसऱ्यावर फाडकन, की "देवी पावली!" बरे झालेले लोक महिन्याभरानं पेढे घेऊन येत. त्यातल्या एकाची दाढ गेली होती. पण तोंड सरळ होतं, तक्रार कशाची करणार?

त्या गुरुवारी इनामगावचा संपत रांजणगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून घरी आला, तर बाप तात्याबा कांद्याला पाणी धरता धरता वाफ्यातच कोसळलेला. तात्याबाचं तोंड एकीकडं ओघळलं होतं, उजवा हात लोंबत होता, आणि जन्मभर मेंढरांना शिव्या घालणाऱ्या जिभेतून नुसतं "ब्ब, ब्ब" येत होतं. संपतनं १०८ लावायला मोबाइल काढला, तोवर आईनं, तानुबाईनं, शेजाऱ्याचा पिकअप दारात उभा केला.

"आय, दवाखान्यात नेऊ."

"दवाखान्यात सुया टोचत्यात. साखरबाईचं तोंड म्हाराजांनी खेटरानं सरळ केलं. बस गाडीत!"

संपत बसला. शिकलेला असला तरी आईपुढं तोही मेंढरूच होता.

मठात महाराजांनी तात्याबापुढं स्वतःच्या भुवया नाचवल्या. "आसं कर, म्हाताऱ्या! देवीला आठी दाव!"

तात्याबानं भुवया चढवल्या. कपाळभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नांगरटीसारख्या आठ्या उठल्या.

"आठी आली!" महाराज ओरडले. "रोगी निष्पाप हाय! पाप घरच्यांचं! कबूल हुईस्तवर ठोका!"

दोन चेल्यांनी संपतच्या पाठीवर वेत ओढले. तिसऱ्यानं तानुबाईच्या थोबाडीत दिली.

"बोल, काय पाप केलं?"

"शेजारणीचं कोंबडं लपवलं हुतं!"

फाट्. "आजून!"

"दोन कोंबडी!"

फाट्. "आजून!"

"आता कोंबडीच संपली की वं, म्हाराज!"

कोपऱ्यात ताडपत्रीवर आठीवाली तीन म्हातारी माणसं पडली होती. त्यांच्या नातेवाइकांची कबुली सकाळपासून चालू होती, आणि मधल्या म्हाताऱ्याच्या पैलवान पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. तिघांतलं एक माणूस आता हलत नव्हतं. पाप फारच मोठं निघालं, असं महाराजांचं मत पडलं.

मार खाताना माणसाला बघत राहण्यावाचून उद्योग नसतो. संपत रांग बघत राहिला. तळेगाव ढमढेऱ्याची रंगुबाई स्वतःच्या पायांनी चालत आली. अर्धं तोंड वाकडं, एक डोळा मिटत नव्हता. तिनं भुवया चढवल्या, तर कपाळाच्या एका बाजूला आठ्या आणि वाकड्या बाजूला इस्त्री केल्यागत सपाट.

"देवी पावली!" फाडकन.

पुढचा, कपाळ अर्धं सपाट. पावली. त्याच्या पुढची, कपाळभर आठ्या. घरच्यांना वेत.

संपतचं कंपनीतलं कामच हे होतं. लाइनवरून आलेला पार्ट गेजला लावायचा. बसला तर पुढं, नाही बसला तर लाल क्रेटात.

"आयला," रक्त थुंकत तो म्हणाला, "हे तर इन्स्पेक्शन हाय!" मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "ह्यो बरं कुणालाच करत न्हाई! आपोआप बरं हुणारं तेवढंच घेतोय, बाकीचं रिजेक्ट! थांबा, पुढच्याचा निकाल मी आधी सांगतो!"

त्यानं रांगेतल्या पुढच्या तिघांचे निकाल सांगितले. तिन्ही बरोबर निघाले. वेत मारणारा चेला थबकला. लोकांना अक्कल आली, असं संपतला क्षणभर वाटलं. लोकांनी त्याच्या पायांवर डोकी ठेवली.

"नवं म्हाराज परगटलं!" एकानं गडबडीत नारळ फोडला, तो चेल्याच्या डोक्यावर.

चपराकनाथ खवळले. पिसाळून त्यांनी खेटर उगारलं ते थेट तात्याबाच्या लुळ्या तोंडावर. तानुबाईनं ते वरच्या वर हिसकावलं. पुढचं कुणी पाहिलं नाही. फाडकन एक आवाज झाला, आणि चपलांचा शोध सुरू झाला.

"रस्ता सोडा!" संपत गरजला. "ताडपत्रीवरची माणसंबी गाडीत घ्या!" नव्या महाराजांचा हुकूम म्हटल्यावर गर्दी दुभंगली. बुद्धीला कुणी वाट देत नव्हतं, म्हणून ती त्या दिवशी बुवा होऊन निघाली.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर धनश्रींनी आधी मेंदूचा स्कॅन केला, मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं.

"साडेचार तासांच्या आत आलात, म्हणून हे देता आलं," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याची नस सुजली, तर कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो. त्यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत सुधारतात, खेटर मारा नाहीतर मारू नका. पण मेंदूत गुठळी अडकली, तर सहसा कपाळ शाबूत राहतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो. हे त्या बुवाला पक्कं ठाऊक असणार."

होतंच. पुण्यात नसांच्या डॉक्टरकडं तो वॉर्डबॉय होता.

ताडपत्रीवरच्या एकाचा जीव वाटेतच गेला होता. उरलेल्या दोघांची वेळ टळली होती. त्यांचे हात आता जन्मभर लोंबणार. तात्याबाची जीभ तिसऱ्या दिवशी सुटली. "कांद्याचं पाणी बंद केलं का, गाढवा?" केलं नव्हतं. तानुबाई पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

तेव्हा मंडळी, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघा आणि १०८ लावा. कपाळ बघत बसू नका. ते डॉक्टर बघतील. आणि दात पडले, तर चपराकनाथांचा कित्ता गिरवा. ते त्याच दुपारी दौंडला दातांच्या डॉक्टरकडं गेले. तिथं त्यांना कुणीही कबुली मागितली नाही.

संपतनं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला आहे, तो असा: "सदर इसमास लकव्याची पारख उत्तम असल्याने, तुरुंगाऐवजी त्यास रुग्णवाहिकेत हात बांधून बसवण्यात यावे. त्याने ज्यास नाकारले, त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. तसेच पुराव्यातील खेटर तानुबाईस कायमस्वरूपी वापरासाठी परत मिळावे, ही नम्र विनंती."