बोनटवरचा ओरखडा

गाडीच्या रंगावर चढवायचं सिरॅमिक कोटिंग म्हणजे नुसती लूट, असं माझं ठाम मत होतं. तरी गाडी घेऊन फ्रीगंजमधल्या दुकानात चौकशीला गेलो, कारण घरी बोलायला कुणी नाही. दुकानदार शैलेंद्रने बोनटवरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

नवी गाडी आणली, तेव्हा बायकोने, प्रतिभाने, बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. कुंकू अनामिकेनं लावायचं अन् अंगठीही त्याच बोटात; तिचाच ओरखडा उमटला! मी शेजाऱ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

"पहले पॉलिश करके ये निशान निकालेंगे," शैलेंद्र म्हणाला. "वरना कोटिंग के नीचे वैसा ही रह जाएगा, अंकल."

"कोटिंग कितने साल टिकेगी?"

"पाँच तो पक्के."

मी किल्ली त्याच्या हातात दिली. "पॉलिश रहने दो."