दोन्हीकडून ऐकणारे दार

मित्रांनो, सिंगापूरच्या तोआ पायोह भागात, एका उंच इमारतीच्या लांब कॉरिडॉरमध्ये मी उभे आहे. मी एक जुने लाकडी दार आहे. माझ्यापुढे लोखंडी गेट आहे आणि माझ्या कपाळावर बाहेर पाहायचे एक बारीक भिंग आहे. इथले लोक घर नवे केले की जुनी दारे काढून टाकतात. मला अजून कोणी काढलेले नाही, म्हणून माझी गोष्ट सांगायला मी उरले आहे.

मला बसवले तेव्हा मलय सुताराने माझ्यावर बोटांनी टकटक केले आणि मान हलवून म्हटले, "गुड डोर." मला फार अभिमान वाटला. आत काय यायचे आणि काय नाही, ते आपणच ठरवणार, असा माझा तेव्हा समज होता.

बरीच वर्षे माझ्यामागे एक वयस्कर जोडपे राहिले. ते मुलाकडे राहायला गेले आणि मुकुल व उल्का आले. मुकुल मूळचा पुण्याचा, पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंटंट. उल्का बालवाडीत शिकवायची. त्यांची मुलगी ऋता तेव्हा नुकती चालायला लागली होती. उल्काने माझ्यावर कापडी झेंडूचे तोरण बांधले. ते पाहून शेजारच्या लिम आंटी म्हणाल्या, "वाह, सो प्रिटी, आ!" दिवाळीत त्यांच्याकडे चकल्या जायच्या, त्यांच्या चिनी नव्या वर्षाला आमच्याकडे संत्री यायची. ऋता दोन्ही घरांत सारखीच वावरायची. ती वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षे होती.

मग मुकुल घरी यायला वेळ लावू लागला. म्हणजे इमारतीत यायचा वेळेवरच. पण माझ्यासमोर, कॉरिडॉरमध्ये, फोन हातात धरून उभा राहायचा. ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला एका ऑनलाइन कॅसिनोची लिंक पाठवली होती. फोनच्या पडद्यावर पत्ते उलटायचे, चाक फिरायचे, आणि त्याचा उजेड माझ्या पॉलिशवर नाचायचा. आतून पोळ्यांचा वास यायचा, ऋता मोठ्याने पाढे म्हणायची. मुकुल एका हाताच्या अंतरावर असायचा, आणि तरी घरी आलेला नसायचा.

एकदा त्याचे खेळाच्या खात्यातले पैसे संपले. मला वाटले, बरे झाले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

एका बाईचा आवाज होता. गोड, हिंदीत बोलणारा. ती त्या ऑनलाइन कॅसिनोची माणूस होती. पैसे नसले तरी काही बिघडत नाही, ती म्हणाली. तुमच्यासारख्या खास माणसांना आम्ही क्रेडिट देतो. आत्ता खेळा, नंतर बघू. मुकुल हसून नको म्हणाला. मग तिने त्याच्या तब्येतीची चौकशी केली, घरच्यांची केली. इतक्या आपुलकीने त्याच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोलले नसावे, कारण तो बोलत राहिला. आणि फोन ठेवण्याआधी हो म्हणाला.

त्यानंतर तो आवाज वारंवार यायचा. "ऋता बेटी की परीक्षा कैसी हुई?" असे विचारायचा. मुकुल सांगायचा. ऋता कुठल्या शाळेत जाते, किती वाजता सुटते, तेही त्याने बोलता बोलता सांगितले. मी हे सगळे ऐकले. पण दाराला तोंड नसते, मित्रांनो.

पुढे तो आवाज बदलला. गोडवा गेला. त्या बाईच्या जागी एक पुरुष बोलू लागला, आणि तो थकलेल्या पैशांखेरीज कशाचीच चौकशी करत नसे. मुकुलने फोन घेणे बंद केले. त्याला वाटले, फोन घेतला नाही की ते थांबेल.

एके दुपारी ऋता शाळेतून येऊन एकटीच जेवत होती. कोणीतरी गेट वाजवले. ती माझ्यापाशी आली आणि टाचा उंच करून तिने भिंगाला डोळा लावला. बाहेरच्या माणसाने त्याच क्षणी गेटच्या जाळीतून भिंगावर अंगठा ठेवला. तिला नुसता काळोख दिसला.

"ऋता," बाहेरून आवाज आला. हळू, ओळखीचा असल्यासारखा. "पापाज फ्रेंड, लाह. ओपन द डोर."

तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली, मला लावली आणि तिच्यावर बसली. तिची पाठ मला टेकलेली होती. ती किती थरथरत होती, ते माझ्या बिजागऱ्यांना अजून आठवते. तो माणूस आणखी थोडा वेळ तिचे नाव घेत राहिला. मग गेटला बाहेरून सायकलचे कुलूप घालून निघून गेला.

कुलपाचा आवाज ऐकून लिम आंटी बाहेर आल्या. त्यांनी पोलिसांना फोन केला, आणि स्टूल आणून गेटपाशी बसल्या. "आंटी हिअर. यू डोंट क्राय, आ," त्या जाळीतून म्हणत राहिल्या. उल्का धावत आली तोवर त्या तिथून हलल्या नाहीत. पोलिसांनी कुलूप तोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यावर लाल रंग फेकलेला होता. लिम आंटींच्या दारावरही. इथले बेकायदा सावकार पैसे थकले की असाच इशारा देतात, शेजाऱ्यांनाही सोडत नाहीत.

उल्काने एकदाच विचारले, "कोण आहेत हे लोक?" मुकुल खुर्चीत बसून सगळे सांगू लागला. कॅसिनो, क्रेडिट, वर चढत गेलेले व्याज. तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

"पैशाचं मी बघेन, आपण दोघं बघू," ती म्हणाली. "पण मुकुल, त्यांना तिचं नाव कुणी सांगितलं?"

मुकुलने खिशातला फोन काढून तिच्यापुढे ठेवला.

त्यानंतर जे करायला हवे होते ते त्यांनी केले. मुकुलने पोलीस ठाण्यात जाऊन सगळे सांगितले. जुगाराची सवय सोडवणाऱ्या समुपदेशकाकडे तो जाऊ लागला. उल्काने आधी लिम आंटींचे दार घासले आणि मग मला. आंटी नको नको म्हणत होत्या आणि तिच्याबरोबर घासतही होत्या. पण माझ्या लाकडाच्या रेषांत लाल उरलेच. ते लोक पुन्हा आले नाहीत.

तरी ऋताला टकटक ऐकू यायची. भर दुपारी, गृहपाठ करता करता ती एकदम मान वर करायची. "मम्मी, समवन देअर." कोणीही नसायचे. मी तिथेच तर होते, मला ठाऊक होते. आणि तरी, खरे सांगते, काही दिवसांनी मलाही ती टकटक ऐकू येऊ लागली.

एका संध्याकाळी उल्का बालवाडीतल्या पालकसभेला गेली होती. मुकुल किल्ली घरीच विसरला होता. त्याने बेल वाजवली.

"ऋता, मी बाबा."

आत पावले आली आणि माझ्यापाशी थांबली. "हाऊ डू आय नो?"

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"तो अंकलपण असंच बोलला. त्याला माय नेम माहीत होतं."

मुकुल कॉरिडॉरच्या लादीवर खाली बसला. मला एका बाजूने त्याचा श्वास ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूने तिचा. मग तो म्हणाला, "तुझं नाव मी सांगितलं होतं त्यांना, ऋता. शाळापण मीच सांगितली. ते लोक चांगले आहेत असं मला वाटलं. मला कुणीतरी चांगलं हवं होतं, म्हणून तसं वाटलं. तुझी चूक नव्हती. माझी होती."

आतून तिने विचारले, "तू अजून खेळतोस?"

"आज नाही."

"काल?"

"खेळलो नाही. पण खेळावंसं वाटलं."

कडी निघाली. ऋताने मला उघडले. गेट मात्र उघडले नाही. जाळीच्या आत तीही जमिनीवर बसली आणि त्याच्याकडे पाहत एकेक प्रश्न विचारू लागली. तो उत्तर देत गेला. कुठल्याही प्रश्नाला त्याने "तू लहान आहेस" म्हटले नाही.

उल्का आली तेव्हा ती दोघे तशीच बसलेली होती. तिने पर्समधून किल्ली काढली.

"वेट, मम्मी," ऋता म्हणाली. "माझं विचारून झालं नाही."

उल्काने किल्ली परत ठेवली आणि तीही कॉरिडॉरमध्ये, मुकुलच्या शेजारी, खाली बसली.

मित्रांनो, उधारीवर खेळायला बोलावणारा आवाज फार गोड असतो. तो तुमच्या माणसांची नावे प्रेमाने विचारतो. ती त्याला देऊ नका. आणि तुमच्या घरातल्या कोणी ती दिलीच असतील, तर त्याला प्रश्न विचारा. उत्तर यायला कितीही वेळ लागला तरी उठून जाऊ नका.