शिवबाईंचा सडा

वैरागजवळच्या एका गावातल्या गल्लीत शिवबाईंच्या सड्याचा दरारा होता. अंगणच काय, समोरचा सरकारी रस्ताही त्या रोज पहाटे शेणपाण्यानं शिंपीत. त्यावर आजवर ना रस्त्यानं तक्रार केली, ना सरकारनं.

यंदा त्यांच्या सुनेनं, विजयमालानं, कोंबडीची चाळीस पिल्लं आणली. तिचा स्वतःचा असा हा पहिलाच उद्योग. भुईमुगाच्या टरफलांचा मऊ थर घालून तिनं खुराडं सजवलं. तिसऱ्या आठवड्यात अकरा पिल्लांचे डोळे सुजून चिकटले. पुढ्यातलं खाणं त्यांना दिसेना. दोन तर गेलीच.

“दिष्ट लागली,” शिवबाईंनी निदान केलं. “लई कौतुक सांगत हिंडलीस न्हवं.”

मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. खाली सांडलेल्या मोहऱ्या पिल्लांनी टिपून खाल्ल्या, म्हणजे ज्यांना दिसत होतं त्यांनी.

शेवटी विजयमालानं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. महेश्वर डॉक्टरांनी एका पिल्लाची पापणी अलगद उचलली आणि चिमट्यानं पनीरसारखा पिवळट गोळा बाहेर काढला. मग मूठभर टरफलं उचलून हुंगली.

“बुरशी आहे. डोळ्यांत गेलीय. इथं पाणी कोण मारतं?”

विजयमाला उगाच टरफलं सारखी करू लागली. सासूचं नाव घ्यावं तर घर पेटणार, न घ्यावं तर पिल्लं जाणार.

“मीच शिंपते की,” शिवबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “रोज. धुरळा बसतो. कोंबडी झाली म्हणून तिला काय घाणीत ठेवायचं व्हय?”

“आजी, कोंबडीला कोरडं तेच स्वच्छ. तुमच्या सड्यानं थर भिजतो, मग कुजतो.”

पन्नास वर्षांत शिवबाईंचा सडा कुणी नापास केला नव्हता. त्यांनी पदर कमरेला खोचला.

“विजे, पाटी आण,” त्या म्हणाल्या. “कुजकं मीच काढते.”

“आत्ती, तुमी बसा, मी...”

“पाटी आण म्हटलं की.”

कोरडा थर पडला. सकाळ-संध्याकाळ शिवबाई पिल्लू मांडीवर धरत आणि विजयमाला औषधाचे थेंब घाली. पंधरा दिवसांत आठ पिल्लांचे डोळे नीट उघडले. नववं एका डोळ्यानं अधू राहिलं.

आता सडा खुराड्याच्या वीतभर अलीकडं थांबतो. तिथं शिवबाई रांगोळीची रेघ ओढतात. ते अधू पिल्लू रोज येऊन ती विस्कटतं. शिवबाई त्याला हाकलत नाहीत.

“त्या बाजूचं दिसत न्हाय बिचाऱ्याला,” म्हणतात.

खुराड्यातून येताना रांगोळी त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला असते. विजयमाला ते बोलून दाखवत नाही.