निळ्या रेघेचा हात

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना रबरी हात आहे. मला धड नाही, डोकं नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत काय तो एवढाच मी. परिचारिकांच्या शाळेतल्या लांब टेबलावर माझी उभी हयात आडवं पडून गेली. माणसाला सुई टोचण्याआधी मुली मला टोचून शिकायच्या.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात गोरंपान रबर ओतलं, आत बारीक नळ्या बसवल्या, नळ्यांत लाल पाणी भरलं. शेवटी एका कारागिराने माझ्या कोपराच्या खळग्यात नाजूक कुंचल्याने एक निळी रेघ ओढली. शीर कुठे आहे ते चटकन दिसावं म्हणून. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘मानवी हात’. मला वाटलं, जगातले सगळे हात असेच असणार. विहिरीतल्या बेडकाला विहीरच समुद्र!

शाळेत माझं कौतुक काय वर्णावं! मोठ्या बाई शिकवायच्या, “डोळे उघडे ठेवा, निळी रेघ शोधा आणि टोचा.” सुई आत गेली, पिचकारीत लाल पाणी आलं, की मुली टाळ्या वाजवायच्या. टाळ्या मुलीला असत, पण फुगायचो मी.

आमची खोली आणि स्त्रियांचा वॉर्ड यांच्यामध्ये एक काचेचं दार होतं. ते बहुधा उघडंच असे. पुलापलीकडच्या वस्तीत काळ्या वर्णाची माणसं राहत. त्यांच्यातलं कोणी वॉर्डात आलं की माझ्या हुशार मुली गडबडायच्या. त्या हातांवर निळी रेघ कुठून दिसणार? मग इथे टोच, तिथे टोच. मुली परत येऊन म्हणत, “या लोकांची कातडीच जाड. त्यांना तेवढं दुखतही नाही.” हे वाक्य कोणत्या पुस्तकात नव्हतं, पण जुन्या मुलींकडून नव्या मुलींकडे धड्यासारखं जात होतं. आणि मित्रांनो, तो धडा मी न बोलता शिकवत होतो. माझ्याच रेघेने त्यांचे डोळे बांधले होते.

अशात पुलापलीकडची पहिली मुलगी आमच्या वर्गात आली. तिची आई याच रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. लेक अंगाने काटकुळी, वर्णाने आईसारखीच काळीभोर. ती माझ्यापाशी आली, डोळे मिटले आणि बोटांनी मला चाचपू लागली.

“अगं, रेघ ढळढळीत दिसतेय,” मोठ्या बाई म्हणाल्या, “जप करायला बसलीस का?”

वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून तिचं नाव ‘ध्यानबाई’ पडलं.

“बाई, मी घरी माझ्याच हातावर सराव करते,” ती म्हणाली. “तिथे रेघ दिसत नाही. पण बोट दाबलं की शीर उसळी मारते. डोळे उघडे असले की बोटाला कळेनासं होतं.”

“परीक्षेत डोळे उघडे लागतील,” बाई म्हणाल्या. परीक्षेला तिने पुन्हा डोळे मिटले. सुई बरोबर जागी गेली, तरी बाईंनी तिला नापास केलं. नापास मुलीला रुग्णाला हात लावायची परवानगी नव्हती.

आणि चारच दिवसांनी तिच्या आईलाच वॉर्डात आणलं. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. दाराजवळच्या खाटेवर तिला निजवलं. सलाईन तातडीने लावायला हवं होतं, आणि डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेले. वर्गातली पहिल्या नंबरवाली पुढे झाली. एक, दोन, तीन वेळा टोचलं. रक्त येईना. दुसरीने तीनदा टोचलं.

“कातडीच जाड हो बाई!” पहिल्या नंबरवाली रडकुंडीला येऊन म्हणाली.

माउलीने अंगावरची चादर बाजूला सारली. “पुरे झालं. मला घरी न्या. माझे थोरले दीर असेच सुया खाऊन परत गेले होते. ते घरीच वारले, मीही घरीच मरेन.”

मोठ्या बाईंनी स्वतः हात घेतला. दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. तीस वर्षांचा अनुभव त्या काळ्या हातावर रेघ शोधत होता. सापडेना. बाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान वर केली. दारात ध्यानबाई उभी होती.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग सुई तिच्यापुढे धरली. “ये पोरी. तू कर.”

“तू टोचणार?” आई क्षीण आवाजात म्हणाली. “पायातला काटा काढायचा तर आळी डोक्यावर घ्यायचीस!”

“आई, मूठ आवळ. आणि डोळे मीट, मीही मिटते.”

“दोघींनी मिटल्यावर बघायचं कोणी गं?”

“बोट बघेल.”

तिने दंडाला रबरी पट्टा बांधला. बोट कोपराजवळ फिरलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. मग सुई गेली. एकदाच. नळीत रक्ताचा थेंब उमटला आणि सलाईन टपटपू लागलं. मला हात जोडावेसे वाटले. पण मी पडलो एकटा!

त्या संध्याकाळी मोठ्या बाई आमच्या खोलीत आल्या, मुलींच्या स्टुलावर बसल्या आणि ध्यानबाईला म्हणाल्या, “आता मला शिकव.” मोठ्या झाडाला वाकायला जड जातं, मित्रांनो, पण वाकलं की सावली पार जमिनीपर्यंत येते. नंतर त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन माझी निळी रेघ खसाखसा पुसून टाकली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. माझं भूषण काय ते तेवढंच होतं. पण शिकणं म्हणजे नुसती भर घालणं नव्हे. चुकीचं शिकलेलं पुसून टाकणं ही त्याहून अवघड विद्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली डोळे मिटून बोटांनी शीर शोधू लागल्या. ध्यानबाईला बाईंनी पास केलं.

आठवड्याने तिची आई बरी होऊन वर्गात आली. माझ्याशेजारी टेबलावर तिने आपला हात ठेवला.

“बायांनो, या रबराला टोचून काय कळणार? ते ओरडत नाही. माझ्या हातावर शोधा. मी ओरडेन.”

पहिल्या नंबरवालीने घाबरत बोट दाबलं.

“ओय ओय! शीर शोधतेस की विहीर खणतेस?”

सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही. “दुखलं, मावशी?”

“दुखलं गं.”

“त्या दिवशीही?”

“त्या दिवशी जास्त.”

मुलीने मान खाली घातली. “माझं चुकलं.”

“मग शोध परत. हलक्या हाताने.”

तिने शोधली. सापडलीही. आणि वॉर्डातलं ते जुनं वाक्य मी त्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पुलापलीकडची माणसं आता दुखणं अंगावर काढत नाहीत, वेळेवर येतात.

मित्रांनो, माझं रबर आता तडकलंय, मी कपाटात असतो. माझं एवढंच मागणं आहे. अमक्या रंगाच्या माणसांना दुखत नाही, कळत नाही, जमत नाही, असं कोणी शिकवलं तर ते पाठ करू नका. त्या माणसालाच जाऊन विचारा. आणि विचारताना त्याचा हात हातात घ्या. मी रबराचा; मला ते कधीच जमलं नाही.