तुंबडीतली गोड वाळू

त्या गुरुवारी धोंडीबाकाकांच्या छातीवर साखळीचे अकरा फटके बसले आणि ते अकराही मी मोठ्यानं मोजले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी काही शहाणपणाचं बोलले तर कुणी मला जन्मापासून शहाणी समजायला नको.

चिखलीच्या रस्त्याला बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात तीनशे माणूस बसलं होतं. आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून भट्टीबाबाचा दरबारही गुरुवारचा. लोक म्हणायचे, दत्ताचा वार निवडलाय. मला आता वाटतं, त्यानं कामगारांच्या सुट्टीचं कॅलेंडर बघितलं होतं.

धोंडीबाकाका फळीवर उताणे झोपले होते. लोखंड ओतायच्या फौंड्रीत सोळा वर्षं काढलेला माणूस. खोकून खोकून छातीचा पिंजरा झालेला, फासळ्या लांबून मोजता येत होत्या. बाबा त्यांच्या डोक्याशी उभा राहिला. कमरेला लाल फडकं, अंगाला काजळी, हातात ट्रकची साखळी.

"भट्टी म्हंजी आई," बाबा गरजला. "आईकडं पाठ करून कधी थुंकलास का रं?"

"थुंकलो आसंन, महाराज," धोंडीबाकाका म्हणाले.

"मग बसवला तिनं खवीस छातीवर. मोजा रं समद्यांनी."

फौंड्रीतला माणूस दिवसातून पन्नासदा थुंकतो. तोंडात दुसरं असतं काय, धूळच. त्यामुळं बाबाचा हा प्रश्न कधी वाया जायचा नाही. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. साखळी खाली आली आणि तीनशे तोंडांतून "एक" निघाला, त्यात माझं तोंड होतं. चौथ्या फटक्याला कातडं फुटलं. सातव्याला काहीतरी कट्‌ वाजलं, वाळलेली काटकी मोडल्यासारखं. आम्ही "सात" म्हणालो.

अकरा झाल्यावर बाबानं तांब्यातल्या पाण्याची गुळणी भरली, पितळेची शिंगासारखी तुंबडी रक्ताळलेल्या छातीवर दाबली आणि तिच्या टोकाला तोंड लावून ओढायला लागला. गाल आत, डोळे बाहेर. मग तुंबडी परातीवर आपटली. भळ्ळकन ओली काळी वाळू पडली, मूठभर.

माझे वडील, म्हणजे आण्णा, पुढं सरकले. त्यांनी चिमूटभर वाळू बोटांत चोळली.

"ही आपल्याच कंपनीतली वाळू," ते म्हणाले. "चौदा वर्षं हातात खेळवली मी. डोळे बांधून ओळखीन."

मागून दहा जणांनी तेच सांगितलं. बाबानं कुठली तरी विभूती काढली असती तर ह्या लोकांनी शंका घेतली असती. त्यानं त्यांचीच वाळू काढली. जी वस्तू आपण ओळखतो तिच्यावर माणूस लगेच विश्वास टाकतो. ती इथं आली कशी, हे मग कोण विचारतो? लोकांनी ती वाळू कागदाच्या पुड्यांत बांधून घरी नेली. मीही नेली.

सोमवारी धोंडीबाकाका गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना आडवं होता येत नव्हतं, आणि बसून घेतलेला श्वास आत जात नव्हता. त्यांची बायको सरूबाई बाबाकडं गेली तर तो म्हणाला, "खवीस निघाला, पर जाताना सोबत घिऊन गेला. अकरा कमी पडले. एकवीस पायजे व्हते."

येत्या गुरुवारी एकवीस फटक्यांसाठी आण्णांचं नाव लागलं होतं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. आण्णा नऊ चढायचे, मग कठड्याला धरून उभे राहायचे. दोन वर्षं त्यांना टीबीची इंजेक्शनं झाली. बेडक्यात टीबीचे जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी इंजेक्शनं चालूच. खोकला तसाच.

आमच्या शाळेच्या मैदानात त्या आठवड्यात एक्स-रेची गाडी उभी होती. पुण्याहून आलेल्या डॉक्टर कुसुमताई फौंड्रीवाल्यांच्या छातीचा अभ्यास करत होत्या. नावं लिहायला चांगल्या अक्षराची मुलगी हवी होती, सरांनी मला पाठवलं. मी तेव्हा दहावीत होते. सहामाहीत विज्ञानात पहिली आले, तेव्हापासून मला प्रश्न विचारायची सवय लागली आहे. आई तिला रोग म्हणते.

कुसुमताई तपासताना वेगळंच विचारायच्या. बाकीचे डॉक्टर विचारतात, खोकला किती दिवस. ह्या विचारायच्या, काम किती वर्षं आणि कुठल्या खात्यात. मग पाण्यात उपड्या घातलेल्या पिंपाच्या नळीत फुंकर मारायला लावायच्या. पिंप वर उचलायचं आणि त्याला जोडलेलं पेन कागदावर रेघ ओढायचं. आण्णांना मी ओढतच नेलं होतं. त्यांची रेघ माझ्या रेघेच्या निम्मीही चढली नाही.

ताईंनी त्यांचा एक्स-रे उजेडावर धरला. दोन्ही फुफ्फुसांत रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

"कामाला कुठं होता?"

"सहा वर्षं कोअर बनवायला. मग आठ वर्षं फेटलिंगला."

फेटलिंग म्हणजे ओतलेल्या लोखंडाला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरनं उडवायची. तिथं समोरचा माणूस दिसत नाही.

"हा टीबी नाही," ताई म्हणाल्या. "दगडाच्या धुळीचा आजार आहे. सिलिकोसिस म्हणतात. असे एकशे चाळीस फोटो जमलेत माझ्याकडं. काहींना पुढं टीबीही जडतो, म्हणून दोन्ही तपासत राहायचं."

"मग ती धूळ काढा," आण्णा म्हणाले.

"ती मला काढता येत नाही. कुणालाच येत नाही. धुळीचं काम सोडा, म्हणजे वाढ मंदावेल. आणि ह्या छातीला मार लागू देऊ नका. फासळी मोडून आत घुसली तर फुफ्फुस फुग्यासारखं फाटेल."

मला सातव्या फटक्याचा तो कट्‌ आवाज आठवला.

आण्णा निघून गेल्यावर मी दप्तरातली पुडी ताईंपुढं ठेवली. त्यांनी वाळू काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बघायला सांगितलं. मोठेमोठे गोटे, तपकिरी पाकात घोळवल्यासारखे.

"नीला, ही नुसत्या डोळ्यांना दिसते ना? मग ही फुफ्फुसातली नाही. एवढा कण नाकाघशातच अडकतो. आत पोचते ती धूळ इतकी बारीक की केसाच्या जाडीत वीस कण शेजारी शेजारी बसतील. दिसते ती वाळू माणूस थुंकून टाकतो. दिसत नाही ती मारते."

"पण हा पाक कसला?"

"ते तू सांग. फौंड्रीवाल्याची मुलगी तू."

मी पुडीचा वास घेतला. मग, किळस गिळून, एक कण जिभेवर ठेवला. गोड लागला.

पोकळ लोखंड ओतायचं तर पोकळीच्या जागी वाळूचा ठोकळा बसवतात. तो कोअर. साखर कारखान्यातली मळी वाळूत कालवतात आणि भाजतात. भाजला की दगड होतो. आमच्या लहानपणी आण्णा मोडके कोअर आणायचे आणि आम्ही त्यांची घरं बांधायचो. एकदा मी माझं घर मोरीत धुवायला नेलं होतं. मिनिटभरात त्याचा चिखल झाला आणि मी रडले होते.

गुळणी. बाबा प्रत्येक वेळी आधी पाण्याची गुळणी भरायचा, आणि ओढतोय असं दाखवत ते पाणी तुंबडीत सोडत असणार.

घरी जाताना खालच्या रंभामावशींकडं डोकावले. त्यांना दम्याचा त्रास, त्यांच्याही छातीतून बाबानं वाळू काढली होती.

"मावशी, तुम्ही फौंड्रीत कधी गेला होता?"

"मी कशाला मरायला जाते तिथं? तीस वर्षं चुलीपुढं बसले मी."

"मग तुमच्या छातीत फौंड्रीची वाळू कुठून आली?"

रंभामावशींनी लाटणं खाली ठेवलं. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "ह्याचा विचार करू दे मला."

वर माळ्यावरून मी शेवटचा जुना कोअर काढला, आण्णांच्या पुढ्यात भांड्यात ठेवला आणि पाणी ओतलं. तो ढासळला. काळी, ओली, गोड वाळू.

आण्णांनी भांड्यात बघितलं. मग एकदम उठले आणि माझ्या थोबाडीत मारायला हात उगारला. हात वर राहिला, श्वास खाली राहिला. भिंत धरून ते बसले. शेजारीच बुद्धाची तसबीर होती, ती आल्या दिवशी ह्याच हातांनी त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते.

"मला कळत नाही असं समजतेस?" ते हळू म्हणाले. "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे मी. पण प्रतिज्ञा म्हणायलाही श्वास लागतो, नीला. ती डॉक्टरीण म्हणते निघणार नाही. तो म्हणतो निघेल. सांग, कुणाकडं जाऊ?"

मी जिना उतरले आणि गुरुवारी माझ्याबरोबर दरबारात चला, असं कुसुमताईंना सांगून आले. 

गुरुवारी आण्णा फळीवर झोपले. मी आणि कुसुमताई पहिल्या रांगेत होतो, मागं रंभामावशी आणि पांढऱ्या कपाळाची सरूबाई. ताई उठून सांगायला लागल्या, तर बाबाच्या चेल्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं.

"शिकल्याली खवीस हाय ही," बाबा हसला. "हिलाबी पुढच्या गुरवारी घिऊ फळीवर. मोजा रं."

साखळी वर गेली आणि मी धावले. काही ठरवलं नव्हतं. आण्णांच्या अंगावर आडवी पडले आणि पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तीनशे माणसं "एक" म्हणाली. मग ओळीतल्या कुणाला तरी दिसलं की फळीवर पोरगी आहे, आणि "दोन" अर्ध्यातच राहिला.

तेवढ्यात मी तुंबडी उचलली. बाबानं माझी वेणी पकडून मला मागं ओढलं, डोकं फळीच्या कडेवर आपटलं, तोंडात रक्ताची चव आली. आण्णा कसेबसे उठले आणि बाबाच्या मनगटाला चावले. खरंच चावले, कारण मारायला त्यांच्यात दम नव्हता. माझी वेणी सुटली.

मी तुंबडी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ही अजून कुणाच्याही छातीला लागलेली नाही," मी म्हणाले. "बघताय ना?"

तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि तळवा दाबून धरला. माणसं बघायला पुढं दाटली, बाबाला माझ्यापर्यंत येता येईना. बाबा ओरडला, "आईचा कोप हुईल." मी मनात साठ मोजले आणि तळवा काढला.

परातीत भळ्ळकन काळी वाळू पडली, मूठभर.

"चाखून बघा," मी म्हणाले. "गोड आहे. मळीचा कोअर आहे. तुम्हीच बनवता रोज."

आण्णांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मान खाली घातली.

"आन् माझ्या छातीत तर चुलीची राख निघाया पायजे व्हती," रंभामावशी मागून म्हणाल्या. "मेल्यानं वाळू काढली."

एक जण हसला. मग आवार फुटलं. साखळी बाबाच्या हातातून गेली, चेले कुंपणावरून पळाले, बाबा परातीत तोंडावर पडला. पाठीवर लाथा, दगड, विटांचे तुकडे. कुणीतरी साखळी उचलली आणि हाणली. "एक," माणसं म्हणाली. "दोन." बाबाच्या ओठातून रक्त आलं. "तीन." तोच आवाज, तोच ठेका. आदल्या गुरुवारी माझ्या तोंडातून निघाला होता तो. कुसुमताई "थांबा" म्हणत होत्या, ते त्यांच्या शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं.

सरूबाई गर्दीतून गेली आणि सरळ साखळीखाली उभी राहिली. मारणाऱ्याचा हात थांबला.

"माझ्या धन्याचे अकरा मोजले तुमी," ती म्हणाली. "एकानं तरी सातव्याला थांबायचं व्हतं. आता पुन्ना मोजता व्हय? लाज न्हाई वाटत?"

तिनं साखळी घेतली आणि भट्टीच्या खड्ड्यात टाकली. मग म्हणाली, "चौकीत न्या ह्याला. जिता न्या."

जिवंतच नेला. चौकशीत निघालं की तो दुसऱ्या गावच्या फौंड्रीत तीन वर्षं कोअर बनवत होता. तिथं त्याला स्वतःलाही खोकला लागला होता. कुसुमताईंनी त्याचाही एक्स-रे काढला. ठिपके होते.

माझ्या खांद्यावर अजून वळ आहे. तो बघून कुणी मला शूर म्हणालं की मला ते अकरा आकडे आठवतात. म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणी खोकत असेल तर आधी विचारा, आजवर कुठं कुठं काम केलंत, किती वर्षं. छातीचा फोटो काढा, बेडका तपासा. खात्यात धूळ उडत असेल तर पाणी मारायला सांगा, धूळ बाहेर ओढणारा पंखा मागा, सगळे मिळून मागा. जो लगेच बरं करतो म्हणेल त्याला विचारा, बाहेर काढलेली वस्तू आत कुठून आली. आणि कुणी मोठ्यानं मोजायला सांगितलं तर तोंड मिटून डोळे उघडे ठेवा.

आण्णांनी फेटलिंग सोडलं. युनियननं भांडून त्यांना गेटवरच्या नोंदवहीचं काम मिळवून दिलं. आता आमच्या घरी एकच गोष्ट मोठ्यानं मोजतात. संध्याकाळी आण्णा जिना चढतात आणि वरून मी आणि आई पायऱ्या मोजतो. गेल्या वर्षी नऊला थांबायचे. कालही नऊलाच थांबले.

कुसुमताई म्हणतात, नऊचे आठ झाले नाहीत, ह्याला औषध म्हणायचं. आण्णा कठड्याला धरून उभे राहतात, वर बघतात आणि म्हणतात, "मोज, नीला. पुढची दहावी."