सीटखालची ऊब

चढ लागला की माझ्या आवाजाचा सूर किंचित खाली यायचा. सपाट रस्ता आला की तो पुन्हा वर चढायचा. फरक इतका थोडा, की गाडीत गप्पा चालू असल्या तर कोणाला कळूही नये. मला मात्र दर वेळी कळायचा, आणि भीती वाटायची.

मित्रांनो, मी विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप आहे. एका जुन्या गाडीच्या टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून माझी सहा वर्षं गेली. विजेचं यंत्र पेट्रोलमध्ये, हे ऐकून तुम्ही दचकाल. पण बुडालेल्या जागी हवा पोचत नाही, त्यामुळे आगही लागत नाही. उलट पेट्रोलच मला थंड ठेवतं. आतली भीती मला कधीच वाटली नाही. माझी भीती बाहेर होती. टाकीच्या झाकणावर, मागच्या सीटच्या बरोबर खाली माझी वायर जोडलेली होती, तिथे.

गाडी एका गॅरेजवाल्यांची. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण त्या रस्त्यावरचे निम्मे मेकॅनिक त्यांच्याकडे वायरिंग शिकले होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना टर्बो बसवले आणि सत्तरी आल्यावर स्वतःच्या गाडीला बसवला. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त लागणार. जुन्या पंपाला ते झेपेना.

नवा पंप निवडायला मास्तरांच्या सूनबाई गेल्या. गॅरेज सासरे-सून मिळून चालवत. दुकानदाराने सगळ्यात मोठा आकडा छापलेला पंप पुढे सरकवला.

"हा आकडा कमी दाबाचा आहे," सूनबाई म्हणाल्या. "टर्बो जोरात असला की पेट्रोलचा दाबही वाढवावा लागतो. त्या दाबाला हा किती लिटर देईल?"

"ताई, आजवर कोणी विचारलं नाही हो."

"मी विचारतेय ना."

त्यांनी माहितीपत्रकातला तक्ता शोधला, त्यावरून बोट फिरवलं आणि मागच्या रांगेतून मला उचललं. माझी छाती अशी काही फुगली होती त्या दिवशी!

मला बसवायचं काम मात्र मास्तरांनी घेतलं. "जुनी वायर आहे की. वीस वर्षं चाललीय," ते म्हणाले आणि तीच बारीक वायर पिळून माझ्या वायरीला जोडली, वर टेप गुंडाळली. जुना पंप सहा अँपिअर वीज ओढायचा. मी चौदा ओढतो. आठव्या दिवशी फ्यूज उडाला. मास्तरांनी जास्त अँपिअरचा बसवला आणि हात झटकले.

मित्रांनो, एवढं ऐका. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. तो उडाला तर आधी कारण शोधा. त्याच्या जागी मोठा बसवणं म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणं.

त्यानंतर ओरडायला मी एकटाच उरलो, आणि मला तोंड नव्हतं.

दर गुरुवारी मास्तर आपल्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, टेकडीवरच्या दवाखान्यात न्यायचे. आक्का मागच्या सीटवर बसायच्या, म्हणजे माझ्या डोक्यावर. चढ सुरू झाला की मी जास्त वीज ओढू लागायचो. बारीक वायर तापायची, पिळलेला जोड त्याहून तापायचा आणि माझ्यापर्यंत पुरती वीज पोचायचीच नाही. माझा सूर उतरायचा, इंजिन उपाशी राहून आचके द्यायचं. झाकणातून उतरणारी ऊब मला जाणवायची. टाकी अर्धी झाली की पेट्रोलच्या वर वाफ आणि हवा मिसळून बसते. त्या वाफेच्या डोक्यावर तो तापलेला जोड, त्याच्या वर आक्का. मी थरथरत पेट्रोल ढकलत राहायचो.

"बाळ्या," एका गुरुवारी आक्का मास्तरांना म्हणाल्या, "सीट गरम लागतेय रे. हीटर बसवलास काय?"

"ऊन आहे बाहेर."

"ढग आलेत सकाळपासून. पण राहू दे, कंबरेला बरा शेक मिळतोय."

त्या हसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या हसत होत्या!

घरी आल्यावर मास्तरांनी सीट उचलली. वायर तापली की नाही हे ते नेहमी बोटांनी बघायचे. सगळ्या शिष्यांना त्यांनी हेच शिकवलं होतं. चिमटीत जोड धरून ते म्हणाले, "थंडगार आहे."

मी हादरलो. जोड तर धगधगत होता.

"बाबा, मी एकदा मीटर लावू का?" सूनबाईंनी विचारलं.

"मीटर लोकांनी बोटं गमावल्यावर काढलं. माझी शाबूत आहेत."

सूनबाईंनी मीटर खाली ठेवलं. पण त्या आठवड्यात त्यांनी जाड वायर, एक रिले आणि नवा फ्यूज आणून टेबलाखाली ठेवला. रिले म्हणजे एक स्विच: बारीक वायरीने नुसता इशारा द्यायचा, आणि खरी वीज बॅटरीपासून जाड वायरीने थेट माझ्याकडे यायची. सगळं तयार होतं. फक्त सासऱ्यांना कसं सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी चढावर गाडी तीनदा अडखळली. आक्का म्हणाल्या, "काहीतरी करपल्यासारखा वास येतोय." परतेपर्यंत मी मरणाच्या धास्तीत होतो. माझ्या नव्हे, आक्कांच्या.

गाडी गॅरेजमध्ये शिरली, आक्कांनी उतरताना वासाचं सांगितलं, आणि सूनबाईंनी मास्तरांना न विचारता सीट काढली. इंजिन चालूच होतं. त्यांनी मीटर आधी बॅटरीला लावलं, मग माझ्या जोडणीला.

"बाबा, तिकडे तेरा पूर्णांक आठ व्होल्ट आहेत. इथे दहा पूर्णांक सहा. मधले तीन-सव्वातीन व्होल्ट वायर तापवण्यात जातायत."

"बाजूला हो." मास्तरांचा आवाज चढला. त्यांनी खाली वाकून जोड मुठीत धरला. "हे बघ. थंड आहे. काही नाही."

एक क्षण गेला. दुसरा गेला.

"बाबा, सोडा!" सूनबाई किंचाळल्या. "हात सोडा, कातडी जळतेय!" त्यांनी मनगट धरून त्यांचा हात ओढला आणि इंजिन बंद केलं. माझं फिरणं थांबलं. गॅरेजमध्ये फक्त गरम लोखंडाची टकटक ऐकू येत होती.

"फोड आलाय केवढा," सूनबाई म्हणाल्या. "तुम्हाला दुखत नाही?"



"बाळ्या," आक्का म्हणाल्या, "परवा उकळता चहा तू कप हातात धरून प्यालास. शर्टाची बटणं बघून बघून लावतोस. मला वाटलं, वय झालं. तू काय लपवतोयस?"

"लपवत नाही."

"मग सांग."

नळ सुटल्याचा आवाज आला, बहुधा सूनबाई त्यांचा हात पाण्याखाली धरून उभ्या होत्या. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला.

"सूनबाई," ते म्हणाले, "वर्ष झालं, माझ्या बोटांना गरम-थंड कळत नाहीये. ते टेबलाखालचं सामान काढ. यापुढे वायरिंग तू करायचंस, मी नाही."